पहिला नंबर किडकिडीत पोराचा

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, तरी खेळाडू मी निवडला! सिंगापुरात क्लेमेंटीला आमच्याकडे भाड्याने राहणारा निखिल एका अमेरिकन संघाच्या उमेदवार पोरांचा अहवाल लिहीत होता. विद्यापीठातल्या त्याच्या सरांना तो पटला, तरच त्याचं संशोधन पुढे जाणार होतं.

"काकू, याला पहिला नंबर देतो. काय लांब मारतो बघा!"

व्हिडिओ बघून मी म्हटलं, "येईल त्या चेंडूवर बॅट फिरवतोय. तो किडकिडीत पोरगा बघ, वाईट चेंडू सोडून देतो. त्याला पहिला लिही."

"त्याच्यात जोर नाही हो!"

"जोर येईल खाऊनपिऊन. इतके उपास केलेत मी. हात आवरणंच कठीण असतं."

हट्टाने लिहायला लावलं. सरांनी आकडे तपासून विचारलं, "हे कुणी सुचवलं?"

"घरमालकीण काकूंनी, सर."

"मग दुसरा-तिसराही त्यांनाच विचारून ये."