पुलापलीकडचा दिवस

— नाही, आत नाही येता यायचं, मिस्टर टॉलिव्हर. बसायचं तर इथे पायरीवरच बसा. बाबा खिडकीशी आहेत, झुलत्या खुर्चीत — येतोय ना कुरकुर आवाज? — जेवणानंतर डोळा लागतो त्यांचा, पण पाय हलत राहतो. गंमत म्हणजे खुर्ची थांबली की समजायचं, जागे झाले. फोटो हवाय तुम्हाला, कळलं मला. बारा वर्षं लेफ्टनंट गव्हर्नर राहिलेले ऑर्विल हॅस्किन्स आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला नवा उमेदवार. छान दिसेल पत्रकावर. सरबत घेणार? नको? बरं.

पण काय करणार हो तुम्ही त्या पदावर जाऊन? टोमणा नाही मारत, खरंच विचारतेय. मी कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं होतं, तिथे आमच्या प्राध्यापकांनी गव्हर्नरच्या खालचं हे पद अर्ध्या तासात उरकलं. सिनेटमध्ये हातोडा आपटायचा, मतं समसमान पडली तर आपलं एक टाकायचं आणि रोज सकाळी गव्हर्नरची तब्येत कशी आहे ते विचारायचं — एवढंच ना? बाबांच्या आधीचा माणूस बुटांचं दुकान चालवायचा आणि सवड मिळेल तसा राजधानीत जायचा. त्याच्या आधीच्याला म्हणे पहारेकऱ्यानं दारातच अडवलं होतं — आपण कोण? — हसा, हसा, बाबाही हसूनच सांगतात. पण घटनेत ते एक कलम आहे ना, घोडागाडीच्या काळातलं, ज्यासाठी तुम्ही सगळे धावताय — गव्हर्नरनं राज्याची हद्द ओलांडली की तो परत येईपर्यंत सगळे अधिकार ह्याचे. सगळे म्हणजे सगळे — सही, शिक्का, माफी. हद्द म्हणजे आपली ही नदी, आणि तेव्हा ती ओलांडून गेलेला माणूस महिना महिना परतत नसे, म्हणून केलेलं. आता खिशात फोन आहे, पूल आहे, पण कलम तसंच. आपल्याकडे म्हातारं झालेलं काहीच कुणी काढून टाकत नाही, नाही का?

त्यात दोघांची निवडणूक वेगवेगळी. गव्हर्नर लिंडक्विस्ट एका पक्षाचे, बाबा दुसऱ्याचे. म्हणून लिंडक्विस्टनं नदी ओलांडायची धास्तीच घेतली होती. मुलीचं लग्न पलीकडच्या काठच्या मुलाशी ठरलं, तर अख्खं वऱ्हाड पुलावरून इकडे आणलं, पण हा माणूस तिकडे गेला नाही.

आणि इकडे आमचा डॅरेल तुरुंगात. माझा भाऊ. माहीत आहे तुम्हाला, सगळ्या गावाला माहीत आहे. एकोणीस वर्षांचा होता. दारूच्या दुकानाबाहेर गाडीत बसून राहिला आणि आत त्याच्या मित्रानं पिस्तूल काढलं. चूक केली, मी कुठे नाही म्हणतेय? पण माफी मंडळानंच लिहून दिलं होतं, पुरे झालं, सोडा ह्याला. फक्त गव्हर्नरची सही राहिली होती, आणि लिंडक्विस्ट करत नव्हते. आई तेव्हाच अंथरुणाला खिळली होती.

मग एका ऑक्टोबरात सकाळी सकाळी राजधानीतून फोन — लिंडक्विस्ट पूल ओलांडून गेले, मासे धरायला, एकटेच, आज सगळं तुमच्याकडे. बाबा कोट घालून निघाले. आई उठली, मिस्टर टॉलिव्हर, भिंतीला धरून धरून उठली आणि डॅरेलच्या खोलीतल्या चादरी बदलल्या तिनं.

आणि बाबांनी काय केलं? गव्हर्नरच्या खुर्चीत बसून फोटो काढला. 'अक्रोड सप्ताह' जाहीर केला. भोपळ्यांच्या स्पर्धेत बक्षीस दिलं. संध्याकाळी घरी आले, तेव्हा मीच विचारलं. म्हणाले, "पोरी, माणूस घरी नसताना त्याचे खण उचकायचे नसतात. आणि लोक काय म्हणतील? बापानं पोराला सोडवलं." आणि आई — आई! — त्यांच्या पानात बटाटे वाढत म्हणाली, "ऑर्विलचं बरोबर आहे." ह्या लोकांचा सभ्यपणा! स्वतःच्या पोराच्या जिवावर केलेला सभ्यपणा!

नंतर जो गव्हर्नर आला तो 'दया नाही' म्हणूनच निवडून आला. डॅरेल अजून आतच आहे. आई गेली, तेव्हा तिला पुरायलाही नाही सोडलं त्याला. पण लिंडक्विस्ट आले होते. पद सुटलेलं, हातात, दुःखाच्या घरी नेतात तसं, भाजलेल्या मांसाचं झाकलेलं ताट. मला अंगणात गाडीपाशी गाठलं आणि म्हणाले, "मला सही करता येत नव्हती गं. माझ्या पक्षानं फाडून खाल्लं असतं. म्हणून तर पूल ओलांडला." मासे? गळ त्यांनी गाडीतून काढलाच नव्हता! पलीकडच्या एका खानावळीत दिवसभर कॉफी पीत रेडिओला कान लावून बसले होते — ऑर्विलनं आता सही केली असेल, आता केली असेल. अंधार पडल्यावरही बसून राहिले. मी म्हटलं, मग सांगायचं नाही का त्यांना? तर म्हणे, "सांगितलं असतं तर कट झाला असता. वाटलं, समजेल त्याला." झालं! एक सज्जन पुलापलीकडे, दुसरा सज्जन खुर्चीत, आणि दोघांच्या मधे माझा भाऊ.

नाही, बाबांना नाही सांगितलं. कधीच नाही. का म्हणजे? त्या दिवशी आपण नीट वागलो, एवढंच तर उरलंय त्यांच्याजवळ. येईल त्याला तेच ऐकवतात, तुम्हालाही ऐकवतील. रोज सकाळी अंडी वाढताना जिभेवर येतं माझ्या — बाबा, तो दिवस त्यांनी तुम्हाला दिला होता, मुद्दाम दिला होता — आणि रोज गिळते मी. मीसुद्धा त्यांच्यातलीच निघाले, दुसरं काय.

तर तुम्ही सांगा. तुमच्या वाट्याला आला असा दिवस, तर कराल सही? हो की नाही, एवढंच —

थांबा.

खुर्ची. खुर्चीचा आवाज कधी थांबला?

खिडकी उघडी आहे... बाबा?

बाबा, जागे आहात?

— तुम्ही निघा, मिस्टर टॉलिव्हर. तो कॅमेरा घ्या आणि निघा आता.