गोदाक्काचा नारळ आणि हरण्याचा एक गुण

मंडळी, बसा. पुढं सरका. खांबाला टेकलात तरी चालेल, खांबाची तक्रार नाही.

आजचा प्रश्न लहान आहे. माणूस काम करतो ते त्या कामासाठी, की कामापुढं ठेवलेल्या आकड्यासाठी? उत्तराची घाई नको. पेटीवाले काका मान हलवताहेत, पण ते प्रत्येकच प्रश्नाला हलवतात.

तर ऐका. तांबवाडी नावाचं गाव. गावाचा वेताळ कबड्डी संघ. संघाचा कप्तान हिंदुराव – वय एक्केचाळीस, छाती दरवाजाएवढी, आणि उजव्या गुडघ्यानं राजीनामा दिलेला. हा त्याचा शेवटचा हंगाम.

तालुक्याची लीग. आठ संघ. समितीवर भली माणसं. त्यांनी पाहिलं, की मागं पडलेला संघ अर्ध्यातच हात टाकतो. म्हणून त्यांनी नियम केला – जिंकलात तर पाच गुण. बरोबरी झाली तर तीन. हरलात, पण सात किंवा त्याहून कमी फरकानं, तरी एक. का? तर शेवटपर्यंत झुंजा म्हणून. हेतूला नाव ठेवायला जागा नाही.

पण मंडळी, नियम करणारे समितीवर असतात आणि नियम वाचणारे गावात असतात. तांबवाडीत होते गुरव मास्तर, गणिताचे, निवृत्त, संघाचे मार्गदर्शक. त्यांनी नियम एकदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"हिंदुराव, सात सामने आहेत. सातही थोडक्यानं हरलो तर सात गुण. शेवटचा एकच संघ बाहेर जातो. सात गुण असले की आपण आत."

"आणि जिंकलो तर, मास्तर?"

"कशाला? जिंकलो की लोक पुढच्या वेळी अपेक्षा ठेवतात."

झालं. झुंज शिकवायला केलेल्या नियमातून हरण्याची शाळा निघाली. जोर-बैठका बंद. पारावर फळा आला. आठानं मागं पडलो की जीव तोडून पकड करायची, दोनानं पुढं गेलो की दम लागल्याचं दाखवायचं. एकदा चुकून पाचानं पुढं गेले, तर मास्तरांना चक्कर आली. कांदा हुंगवला.

तीन वर्षं हे चाललं. संघ लीगमध्ये टिकून. गाव खूश. खूश नव्हती एकच बाई – हिंदुरावाची बायको, गोदाक्का. तीन वर्षांपूर्वी तिनं वेताळापुढं ठेवून एक नारळ घरी आणला होता. नवरा जिंकला की फोडायचा. प्रत्येक सामन्याला पिशवीतून न्यायची, तसाच परत आणायची. आतलं पाणी आटलं, गोटा सुटला. चालताना खुळखुळ वाजायचा. गावात म्हणायचे, आली गोदाक्का.

शेवटचा सामना. वेताळचे सहा सामने, सहा पराभव, सहा गुण. एक हवा. समोर जय हनुमान संघ, यादीत पहिला. आता गंमत बघा. पहिल्याची गाठ पुढच्या फेरीत चौथ्याशी पडणार, आणि चौथा होता काळभैरव. त्यांचा हत्तीसारखा चढाईपटू दुखण्यातून उठून नुकताच संघात परतला होता. जय हनुमाननं विचार केला, आज हरलो तर दुसरे होऊ, हत्ती टळेल.

म्हणजे मंडळी, दोन्ही संघांना हरायचं होतं.

आमचा गडी चढाईला गेला, तो मॅटवर आडवाच झाला. समोरचे सात जण हात मागं बांधून उभे. पंच म्हणाले, "ऊठ रे, घरी अंथरूण नाही का?" मग आमचा एक जण रेषेबाहेर गेला, तिकडं एक गुण. लगेच तिकडचा एक बाहेर, इकडं एक गुण. "आधी तुम्ही." "छे, पाव्हणं, आधी तुम्ही." लग्नाच्या पंगतीत असा आग्रह पाहिला नाही कुणी.

बारा-बारा. शेवटची चढाई हिंदुरावाची.

मास्तर कानात म्हणाले, "पकड दे. एकानं हर. ठरल्याप्रमाणं."

आणि मागून खुळखुळ वाजलं. गोदाक्का उभी राहिली होती. "अहो, आज हा परत न्यायला लावला, तर उद्यापासून खेळ नाही, काही नाही. मग कधी फोडू?"

हिंदुराव गेला. "कबड्डी, कबड्डी..." समोरचा कप्तान हात पुढं करून उभा, शिव रे बाबा म्हणून. हिंदुरावानं त्या हाताकडं पाहिलं. शिवला असता तर जिंकला असता. पण तो हात सोडून तो कोपऱ्यात गेला.

तिथं होता शिदबा. त्याला कप्तानानं बेत तीनदा समजावला होता आणि तिन्ही वेळा तो हो म्हणाला होता. पण समोर घोटा दिसला की शिदबाचे हात शिदबाला विचारत नाहीत. हिंदुरावानं दुखरा पायच त्याच्यापुढं टाकला.

धरला.

आणि मग तीन वर्षांत पहिल्यांदा तिथं कबड्डी झाली. नव्वद किलोचा शिदबा घोट्याला, श्वास संपत आलेला, मध्यरेषा पाच हात लांब. चार. तीन. पोट घासलं, गुडघा कळवळला. दोन. मैदान उभं राहिलं. मास्तरसुद्धा फळा विसरून ओरडले, "ओढ, हिंदुराव, ओढ!"

बोटं रेषेला लागली. तेरा-बारा.

शिदबा उठला आणि त्यानं हिंदुरावाला उचलून घेतलं. त्याचा कप्तानही खूश, हत्ती टळला होता. पण ज्यांचा आनंद आकड्याचा नव्हता, असे सगळ्या मैदानात दोघंच होते – एक जिंकलेला, एक हरलेला.

नारळ फोडला. आत खडखडीत खोबरं. तेच साखरेबरोबर वाटलं.

हसलात ना मास्तरांना? मीही हसलो. आणि लक्षात आलं, तुम्ही हसला नाहीत की मी अर्थ सोडून विनोदाकडं वळतो. माझा फळा तुमच्या तोंडावर आहे. आणि तुमचा? आरती झाल्यावर प्रसाद, हा नियम कुणीतरी चांगल्या हेतूनंच केला असेल, लोकांनी शेवटपर्यंत बसावं म्हणून.

म्हणून आज यजमानांना सांगितलंय, खोबरं-साखर आत्ताच वाटा. सगळ्यांना, पोटभर. दार उघडं आहे.

आरती त्यानंतर. बघू, कितीजणांचा आवाज येतो.