पेमाची आई

न्हाई म्हनलं ना बाई, मिना घरी न्हाई. मामाकडं गेली, शिरड शहापूरला, कवा येती सांगता येत न्हाई — तुमी पुण्याहून आल्या ते खरं, रातभर गाडीत अवघडून आल्या ते बी तोंडावर दिसूनच राहिलं, पर आज काहून आल्या? आजच काहून? बसा, उभ्या नका राहू, उभं मानूस सगळ्या तांड्याला दिसतं. हितं, भिंतीच्या आडोशाला बसा. चहा घ्या. बिनदुधाचा हाय, दूध पाहुन्यांसाठी राखलं — व्हय, पाहुने येऊन राहिले, मिनाचा बाप फाट्यावर गेला त्यांना घ्यायला, तवा तुमी चहा प्या आन् ते यायच्या आत निघा. बघता काय अशा? पेमाची आई अशीच असती. तुमीच छापली ना ती? मंग आता बघा डोळे भरून.

ठाव हाय मला मिनानं लिहिलेल्या पुस्तकात काय हाय ते. वाचता येत न्हाई, पर कान हायेत ना मला. शेजारच्या शिलानं वाचून दाखवलं, मी डाळ निवडत व्हते, निवडायची राहिली ती डाळ. तांड्यातली पोरगी पेमा, तिचं लग्न ठरतं, आन् आई तिला ढावलो शिकवती. तुमच्यात न्हाई तसलं. आमच्यात नवरी सासरी निघाली की आईच्या, वहिनीच्या गळ्यात पडून गानं म्हनत रडती, ते शिकावं लागतं बाई, नुसतं रडनं येगळं आन् सुरात रडनं येगळं — आन् तुमची पेमा म्हनती, मी रडनार न्हाई, मी शाळा शिकनार. मंग आई तिला वेनीला धरून वढती. शाळाशाळात वाचतेत म्हने ते, कवळी लेकरं वाचतेत! त्यांना काय वाटंल, तांड्यातली आई म्हंजे कैदाशिन? मी न्हाई वढलं मिनाला. म्हंजे — एकदा वढलं. तापानं फनफनले व्हते मी, चूल इझली व्हती, आन् ही कंदिलापाशी लिहीत बसलेली. एकदाच. ते बराबर ध्यानात ठेवलं पोरीनं. आन् मंग तिच्या डोक्याला तेल लावत मीच रडत बसले ते कुठं लिहिलं? हापशावर बाया मला इचारतेत, रूपाबाई, तुझी पोरगी रडाय शिकली का न्हाई? हंडा तसाच टाकून आले एक दिवस.

बरं, लिहिलं ते लिहिलं. तुमी मागच्या पानावर मिनाचा फोटू छापला, वर तांड्याचं नाव! काहून छापलं? पुण्यात कौतिक झालं आसंल, हितं ते पुस्तक फिरत फिरत गेलं शंकरसिंगच्या हातात. शंकरसिंग म्हंजे नवरदेवाचा बाप, धरनाकडच्या तांड्यावरचा. पोरगा चांगला हाय, खोटं काहून बोलू, बिडी सुदिक वढत न्हाई. पर बाप म्हनला, लिहिनारी सून नको आमाला, आज आईला पुस्तकात घातलं, उद्या सासऱ्याला घालील. लिहिनं बंद करा, मंग सोयरीक. मिनाचा बाप हसला आन् व्हय म्हनला. झालं. मिनाला कुनी इचारलं न्हाई, मला बी न्हाई. आता आज गूळ हाय. पाहुने गूळ आनतील, तांड्याच्या नायकासमोर फोडतील, सगळ्यांनी तोंडात घातला की शब्द पक्का, मंग आभाळ कोसळलं तरी तो मोडत न्हाई. तवा तिचं दुसरं पुस्तक न्यायला आल्या आसाल, ते विसरा बाई. दुसरी पोरगी शोधा. तुमाला काय, पोरी मिळतील.

न्हाई, तुमी मला समजावू नका. मीच एक इचारते तुमाला. पेमाची आई ढावलो म्हनती ना, 'आंब्याची सावली मागं राहिली गं बहिनी' — तो कुनाचा? खाली छापलं, पारंपरिक. शिलाला मी पुन्यांदा वाचाय लावलं, पुन्यांदा. आवं, तो माझा हाय! माझी धाकली बहीन पहिल्या बाळंतपनात गेली, तवा कापूस येचताना मी जुळवला तो, एकटीनं, पाटीवर पाटी भरत. आता आसपासच्या तांड्यावर लग्न निघालं की मलाच बोलावनं येतं, रूपाबाई, पोरीला शिकव. मी लई भांडले मिनाशी. म्हनलं, आईला बदनाम करताना आई दिसली, आईचं गानं घेताना दिसली न्हाई? तर पोरगी म्हनती, मी तुझंच नाव लिहिलं व्हतं, पुण्याच्या बाईंनी काढलं. — खरं का? खाली काहून बघून राहिल्या? मंग खरं हाय.

बोलले असते मी लई. पर टाइम न्हाई. दुसरं पुस्तक लिहिलंच न्हाई असं कोन म्हनलं? लिहिलं की. मी घासलेट आनते, तिच्या वाटच्या भाकरी मी थापते, बापाला सांगते पोरगी निजली, आन् ती लिहिती, आताबी आत —

आता कळलंच तुमाला. व्हय, आत हाय. कडी लावून बसली सकाळपासून, घास न्हाई पोटात. शेवट राहिला म्हनती. पेमाला पुढं शिकायचं हाय, गूळ फुटायची येळ झाली, आन् पेमाची आई काय करती ते सुचंना तिला. मला इचारलं, याडी — आमी आईला याडी म्हनतो — याडी, तू काय केलं असतंस? मी म्हनलं, गप बस आन् भाकर खा. काय सांगू? माझ्या गुळाला मी उंबऱ्याआड उभी व्हते, माझ्या आईनं तोंडातून शब्द काढला न्हाई. मला लई राग यायचा तिचा. मरेपर्यंत आला.

थांबा. पाहुन्यांची जीपच हाय. ह्यो धुरळा बघा.

बाई, पटकन सांगा. पुण्यात कुठं ठेवाल मिनाला? तुमच्या घरी? कालिजात घालाल, का नुसतं लिहून घ्याल? आन् त्या गान्याखाली माझं नाव? मान हलवू नका, तोंडानं म्हना. — बरं. ध्यानात ठेवते मी, मला लिहून ठेवावं लागत न्हाई.

आता उठू नका. तुमी एक शब्द बोलायचा न्हाई, न्हाईतर पुण्याच्या बाईनं पोरगी फितवली म्हनतील. मिनाचा बाप आज मला सोडनार न्हाई, ते मी बघून घेईन. — मिना! ये मिना! कडी काढ. तोंड धू आन् हितं दारात येऊन उभी राहा. उंबऱ्याआड न्हाई, दारात!

या, या, राम राम शंकरसिंगभाऊ! उन्हाचे आले, पानी घ्या, चहा टाकते दुधाचा. — आवं न्हाई, न्हाई. ती गुळाची ढेप खाली उतरवू नका. जीपमदीच राहू द्या.