रानहळदीचा कंद

हसू नका, पण ह्यांची चांद्याहून आलापल्लीला बदली झाली, त्या वर्षी एका कंदाच्या काळजीनं माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कुंपणावरच्या भोपळ्याला फुलं यायची नि गळायची, फळ काही धरत नव्हतं. मासे विकायला येणाऱ्या सोनाबाईनं जंगलातून रानहळदीचा कंद आणून दिला. "हे फुलली का मधमाशा येतात. मंग भोपळेबी धरतात."

मी तो वेलाजवळ लावला. दिवाळीनंतर त्याची पानं पिवळी पडून पार वाळली. मॅट्रिक झालेल्या मला वाटलं, मीच मारला. मग दर दोन दिवसांनी माती उकरून मी कंद चाचपून बघायची.

एकदा सोनाबाईनं मला उकरताना पकडलं. "बाई, काऊन उकरून राह्यल्या? मेली नाई ते, झोपली हाये. मिरगात आपल्या मनानं उठते. असं उकरत राहाल तं खरंच मरन."

"जिवंत आहे का, एवढंच बघते हो," मी म्हटलं.

शेजारी मातीत बसलेली माझी चार वर्षांची शालू सोनाबाईला समजावून सांगू लागली, "आई मलेबी दुपारी हालवून उठवते. झोप लागली का, म्हणून विचारते."