नऊ फुटी पाकिस्तान

(जून १९९९. कारगिलची लढाई पेटलेली. केजच्या मोंढ्यात, पक्षाचे तालुकाध्यक्ष सुंदरराव यांच्या गोदामात, संध्याकाळी चौकात जाळायचा पुतळा उभा आहे. त्याच्यासमोर सुंदरराव, किराणा दुकानदार गुंडप्पा आणि त्यांची बायको शांतादेवी.)

सुंदरराव : हात नका लावू काकू. राकेल शिंपडलंय त्याच्यावर, साडीला लागंल.

शांतादेवी : लागू द्या. ह्याच्या अंगातला स्वेटर कुणाचा हाय, ते आदी सांगा.

सुंदरराव : कुणाचा म्हणजे? पाकिस्तानचा.

शांतादेवी : पाकिस्तानचा न्हाई. माज्या वीरेशचा हाय.

गुंडप्पा : आगं, असल्या रंगाचे स्वेटर ढिगानं मिळतेत बाजारात. चल घरी.

शांतादेवी : तुमी गप ऱ्हावा. त्याच्या कोपराला हिरव्या लोकरीचं रफू कुणी केलंय? अंबाजोगाईला कॉलेजात व्हता तवा सायकलवरून पडलता. तांबडी लोकर सरली म्हणून मी हिरवी घातली. मग म्हयनाभर पोरं त्याला पोपट म्हणायची. बघा कोपर. बघा की!

गुंडप्पा : … हिरवंच हाय.

सुंदरराव : बरं, आसंल. आता तुमीच सांगा काकू, ह्यात वाईट काय झालं? तुमच्या घरची वस्तू राष्ट्रकार्याला लागली. असं भाग्य कुणाला मिळतंय?

शांतादेवी : भाग्य? तुमची रिक्षा गल्लोगल्ली बोंबलत फिरलती. ‘सीमेवर बर्फ पडतंय, जवानांसाठी ऊबदार कपडे द्या.’ भोंग्यात आवाज तुमचाच व्हता. म्हणून पेटीतनं काढून दिला. म्हणलं, माजा वीरेश फौजेत तिकडंच हाय, त्यालाच मिळंल असं न्हाई, पण त्याच्या शेजारी कुणीतरी उभं आसंल ना? त्याच्या अंगात जाईल. मी जवानाला घालाया दिला सुंदरराव, आन तुमी घातला पाकिस्तानला!

सुंदरराव : त्याचं काय झालं, पुतळा खरा वाटला पायजे. कारगिलात थंडी हाय. पोरं म्हणली, साहेब, नुसत्या सदऱ्यावर पाकिस्तान बर्फात कसा आला आसंल? लोक नावं ठेवतील.

शांतादेवी : केजात आमच्या अंगाला घामाच्या धारा लागल्यात, आन पाकिस्तानला थंडी वाजायली!

गुंडप्पा : पण सुंदरराव, ट्रक तर गेलता ना? माज्या डोळ्यांनी बघितलाय. तुमी झेंडा दावला, मी नारळ दिला. पेपरात फोटोबी आला. फोटोत माझा अर्धा कान हाय.

सुंदरराव : गेलता की.

गुंडप्पा : मग स्वेटर मागं कावून ऱ्हायला?

सुंदरराव : अप्पा, तुमी व्यापारी माणूस, तुमाला समजंल. वर फोन लावला तर म्हणले, जुने कपडे घेत न्हाईत. मिलिट्रीला सरकार देतंय सगळं. आता आमी तर झेंडा दाखवायचं जाहीर केलतं. फोटोवाला येऊन उभा. काय करायचं?

शांतादेवी : ट्रक कुठवर गेला?

सुंदरराव : म्हणजे… निघाला इथनं.

शांतादेवी : कुठवर?

सुंदरराव : बसस्टँडापर्यंत.

शांतादेवी : आन मग?

सुंदरराव : तिथनं वळवून मागल्या दारानं आणला. लोकांच्या भावना दुखू नयेत म्हणून हो, काकू. भावनेचा प्रश्न हाय.

शांतादेवी : आगंबया! बसस्टँडालाच कारगिल केलं की हो तुमी!

गुंडप्पा : त्या ट्रकपुढं मी हात जोडलते. चांगला नारळ दिलता, पाणी वाजवून बघून.

सुंदरराव : तुमच्या नारळाचं काय घेऊन बसलाव अप्पा! इथं देश पेटलाय.

शांतादेवी : देश पेटलाय तिकडं. तुमी इकडं कपडे पेटवायलाव. हे पोट कावून एवढं फुगलंय ह्याचं? काय भरलंय?

सुंदरराव : कडबा.

शांतादेवी : कडबा असा मऊ लागतोय व्हय? थांबा… हे घोंगडं. हे तर भिवराबाईचं हाय! पाण्याच्या टाकीपाशी ऱ्हाती ती. एवढं एकच घोंगडं हाय तिला. दिवाळी झाली की कड्याच्या कारखान्याला ऊसतोडीला जाती, तवा पाचटाच्या कोपीत हेच पांघरती. म्हणली, आमचं काय, आमी शेकोटी करू, तिकडं लेकरं गारठायलेत. आन तुमी पाकिस्तानच्या पोटात कोंबलं!

सुंदरराव : मग काय करू? काल त्या दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी सहा फुटी जाळला. पंचायत समितीपुढं, बँड लावून. आमी काय पाच फुटी जाळायचा? नऊ फूट म्हणल्यावर कडबा पुरंना. पोरांनी समोर दिसलं ते भरलं.

गुंडप्पा : दुश्मन तर एकच हाय ना सुंदरराव? मग पुतळे दोन कावून?

सुंदरराव : दुश्मन एक हाय, पण इलेक्शन हाय ना अप्पा पुढं!

शांतादेवी : हे बरं हाय. तिकडं पोरं डोंगर चढायलेत, इकडं तुमची पुतळ्याची उंची चढायली. बरं, ते असू द्या. माझा स्वेटर काढा.

सुंदरराव : आता? जिल्ह्याचे साहेब निघालेत बीडहून. हलगीवाले येऊन बसलेत. सत्कार झाला की लगेच दहन. तुमचाच सत्कार हाय काकू, इसरलाव काय? साडी, चोळी, श्रीफळ. माईकवर तुमचं नाव पुकारायचं, ‘वीरमाता शांतादेवी’. आन मशाल तुमच्याच हातात.

शांतादेवी : वीरमाता? मेलेल्याच्या आईला म्हणतेत तसं. माझा जिता हाय!

सुंदरराव : तसं न्हाई हो. मानानं म्हणायलाव.

शांतादेवी : मी काय इचाराया आलते तुमाला, ठावं हाय का? मशाल उजव्या हातात धरू का डाव्या, आन पदराला जाळ लागू नये म्हणून नऊवारी नेसू का साधी साडी. एवढंच इचाराया आलते. दार उघडं दिसलं म्हणून आत आले. न्हाई आले असते तर? मी ह्याच हातानं पेटवलं असतं! सगळ्या गावादेखत. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, मीबी हासले असते.

गुंडप्पा : शांते, बस जरा खाली.

शांतादेवी : बसू कशी? आमा लिंगायतांत मेलेल्यालाबी जाळत न्हाईत, सुंदरराव. मातीत बसवतेत. कपाळाला इभूत लावून, हातात लिंग देऊन, ध्यानाला बसवल्यावानी. आमच्या घराण्यात कुण्या आईनं लेकराच्या कापडाला काडी लावली न्हाई. आन तुमी माज्या जित्या पोराचं कापड ह्या बुजगावण्याला घालून, गळ्यात चपलांचा हार घालून, माज्याच हातानं जाळाया लावणार व्हता!

सुंदरराव : आता एवढा अर्थ काढल्यावर काय बोलावं? कापड हाय ते, काकू. माणूस न्हाई.

शांतादेवी : तुमाला कापड हाय. माज्याजवळ त्याचं तेवढंच हाय.

गुंडप्पा : त्याचा फोन न्हाई हो, सुंदरराव. म्हयना झाला. ही रोज बूथवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसती. बूथवाला बिचारा पैलं कुणाचाबी फोन आला की हिला हाका मारायचा, आता मारत न्हाई. टीव्हीवर बर्फ दिसला की ही पुढं सरकती, काचेला नाक लावती.

शांतादेवी : मदीच थंड बाटलीची जाहिरात लागती. त्यातबी बर्फ असतंय. मी त्यातबी हुडकते त्याला. हासा. पानटपरीवर तुमची सगळी मंडळी हासतेत तसं हासा. तिथं बसून पुड्या खात लाहोर घेतंय की एक एक जण. तोंडातली पिचकारी टाकायला उठत न्हाईत, आन म्हणतेत, घुसलं पायजे, घुसलं पायजे. घुसा की! कुणी धरलंय?

सुंदरराव : बास करा. मी लई ऐकून घेतलं. वडिलधाऱ्या म्हणून ऐकलं. एका स्वेटरपायी पक्षाचा कार्यक्रम बंद पाडता? लोक काय म्हणतील? देशाच्या विरोधात हाय का तुमी? अप्पा, बायकोला घरी न्या. आन ज्या गाळ्यात तराजू धरून बसता, तो गाळा कुणाचा हाय, तेवढं ध्यानात ऱ्हाऊ द्या.

गुंडप्पा : ध्यानात हाय. गाळा तुमचाच हाय, सुंदरराव. म्हणून तर नारळ दिला. म्हणून तर तुमच्या प्रत्येक सभेला सतरंजीवर पुढं बसलो. भाषण समजो न समजो, मान डोलावली. लई डोलावली. आता मानेला कळ लागायली.

सुंदरराव : म्हणजे?

गुंडप्पा : म्हणजे उद्या किल्ली घेऊन जावा. शांते, ते स्टूल इकडं सरकव. मी ह्याचं मुंडकं काढतो, तू बाह्या धर.

सुंदरराव : अहो, मडकं फुटंल! सकाळपासून पेंटर बसलता मिशा काढत! अप्पा, पाया पडतो, उतरा खाली!

गुंडप्पा : बांबू धरा जरा. हलायलाय. मी पडलो तर तुमच्यावरच पडीन.

सुंदरराव : धरतो, धरतो. दमानं. अरे देवा.

शांतादेवी : वढू नका, दमानं. बाही आडकली बांबूला. काडीनं टोचलंय इथं… हां. निघाली. निघाला.

गुंडप्पा : घोंगडंबी घे. आन ही दुलई, ही कानटोपी. ही कुणाची?

शांतादेवी : मास्तरणीची. त्या शिवकन्याबाईची. तिच्या बापाची व्हती. सगळं घ्या. कोपऱ्यातले गठ्ठेबी उद्या उचलू.

सुंदरराव : झालं समाधान? आता ह्याच्याकडं बघा. पोट आत गेलं, खांदे पडले. आन ऐका, हलगी सुरू झाली. साहेब आले वाटतं. मी काय नागडा पाकिस्तान नेऊ चौकात?

शांतादेवी : तुमचा सदरा घाला त्याला.

सुंदरराव : माझा? हा खादीचा हाय, काकू! आजच इस्त्री केलाय, सत्कारासाठी.

शांतादेवी : न्हाईतर मी येते की चौकात. सत्कार घ्यायचाच हाय मला. माईक हातात आला की गावाला सांगते, ट्रक कुठवर गेलता. साहेबांनाबी ऐकू जाईल.

सुंदरराव : असं नका करू.

शांतादेवी : मग काढा. तुमीच म्हणलाव ना, कापड हाय ते, माणूस न्हाई.

सुंदरराव : … दिला तर माईकवर बोलणार न्हाई ना?

शांतादेवी : माईकवर न्हाई बोलणार. मी येणारच न्हाई. साडी-चोळी साहेबांच्या बायकोला द्या.

गुंडप्पा : मला मात्र बोलावं लागंल, सुंदरराव. कपडे मांडून ठेवतो उद्या घरच्या वट्यावर, ज्याचं त्यानं वळखून न्यावं. इचारलं तर काय सांगू? कारगिलला निघालते, बसस्टँडावरनं माघारी आले. खोटं बोलून माल इकायचा न्हाई, बापानं शिकवलंय.

सुंदरराव : तुमी दोघांनी माझं इलेक्शन खाल्लं. धरा हा सदरा. घाला त्याला. घाला!

गुंडप्पा : बटनं तुमीच लावा, माज्या हाताला राकेल हाय. हां… बरोबर बसला. अंगाला तंतोतंत. सुंदरराव, आता एक अडचण झाली.

सुंदरराव : आता काय?

गुंडप्पा : पांढरा सदरा, पडलेले खांदे, ह्या मिशा. हा तर तुमच्यावानी दिसायलाय.

सुंदरराव : मिशा पुसा! अप्पा, वर हाय तुमी, जरा मिशा पुसता का?

गुंडप्पा : ऑइल पेंट हाय. पुसत न्हाई.

शांतादेवी : ऱ्हाऊ द्या. चला आपण. आन सुंदरराव, काडी आता तुमीच लावा. दोन पावलं लांब उभं ऱ्हावा, जाळ लई व्हईल.

सुंदरराव : काकू… वीरेशचा फोन आला तर कळवा. खरंच म्हणतो.

शांतादेवी : तुमाला न्हाई कळवणार. तुमी पुन्हा रिक्षा फिरवचाल.

गुंडप्पा : इकडनं चल, मागल्या दारानं. चौकात गर्दी हाय. ट्रक आलता त्याच वाटंनं जाऊ.

शांतादेवी : गाळ्याचं खरं का हो?

गुंडप्पा : बोललो तर खरं. दुकान घरच्या वट्यावर मांडू, न्हाईतर हातगाड्यावर. गूळ काय गाळा बघून गोड व्हतोय? आण ते घोंगडं माज्याकडं, जड हाय.

शांतादेवी : घोंगडं घ्या. स्वेटर माज्याजवळ ऱ्हाऊ द्या.

गुंडप्पा : छातीशी नको धरू, राकेलचा लई वास मारायलाय. घरी गेल्यावर भिजत टाक सोड्यात.

शांतादेवी : धुवायचा न्हाई. धुतला तर त्याचा वासबी जाईल.

गुंडप्पा : मग असाच ठेवणार पेटीत?

शांतादेवी : दोरीवर टाकीन. वाऱ्याला. तो येऊस्तोर जाईल राकेलचा वास.