तळमजल्यावरची जागा

चिंगी : पण असं एकदम घरी कसं बसवतील? मावशी, तू नीट सांग. पहिल्यापासून.

मावशी : शुक्रवारी मॅनेजरनं बोलावलं. मला वाटलं, गाड्यांच्या वेळांचा काही घोळ झाला असेल. आत गेले तर तो खुर्चीतून उठून उभा राहिला. मी मनात म्हटलं, हा माणूस मला बघून उठतोय म्हणजे माझं काही खरं नाही.

चिंगी : मग?

मावशी : म्हणाला, बाई, तुमच्यामुळे कंपनीच्या सुरक्षेला धोका आहे. माझ्यामुळे! मी म्हटलं, अहो, तीन जिने चढले की मलाच धाप लागते, माझ्यापासून कसला धोका? तो हसला नाही. शेजारी नोकरभरती बघणारी ती नवीन बाई बसली होती, तीही हसली नाही. मग मी पण हसायचं थांबवलं.

चिंगी : कसला धोका ते सांगितलं?

मावशी : कुठल्याशा बनावट मेलवर मी बोट ठेवलं म्हणे. आणि पासवर्ड टाकला. बरं झालं तू आलीस. तुझं तर कामच हे. मला तू एवढंच सांग, ती मेल खोटी आहे हे मी ओळखायचं तरी कशावरून? फोटो काढून ठेवलाय मी मोबाइलमध्ये. माझा चष्मा… हां, डोक्यावरच आहे. ऐक. "तळमजल्यावर बसण्याच्या आपल्या विनंतीचा विचार करण्यात आला आहे. जिने चढण्याचा त्रास असणाऱ्या सहकाऱ्यांसाठी खाली मोजक्या जागा केल्या आहेत. आपली जागा मंजूर झाली का, हे पाहण्यासाठी इथे लॉगिन करा." आता सांग, यात खोटं कुठे दिसतंय? किती आदबीनं लिहिलंय. आमच्याकडे एवढ्या आदबीनं कुणी लिहीत नाही, तेवढाच काय तो संशय यायला हवा होता.

चिंगी : पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्त आहे. कंपनीच्या नावात.

मावशी : कुठे? थांब, मोठं करून बघते… अगंबाई, हो की. दोनदा आलंय. केवढंसं ते! तुला बरं पटकन दिसलं.

चिंगी : मावशी…

मावशी : मोबाइल तर माझ्या हातात आहे. तू फोटो बघितलाच नाहीस.

चिंगी : नाही बघितला.

मावशी : मग?

चिंगी : ते अक्षर मीच घातलं होतं.

मावशी : म्हणजे?

चिंगी : ती मेल मी लिहिली. तुमच्या कंपनीनं आमच्या कंपनीला काम दिलं होतं. खरा चोर यायच्या आधी आम्ही चोरासारखं वागून बघायचं. लोक कुठे फसतात ते शोधायचं आणि मग त्यांना शिकवायचं. शिकवायचं होतं, मावशी. सर म्हणाले होते, अहवालात फक्त टक्केवारी जाईल. नाव एकाचंही जाणार नाही. मी दोनदा विचारलं होतं त्यांना.

मावशी : ते तुझं पहिलं मोठं काम, कुणाचं ते सांगता येत नाही म्हणालीस, ते हे?

चिंगी : हो.

मावशी : आणि मी मजलाभर सांगत सुटले, आमच्या चिंगीला नोकरी लागून वर्ष नाही झालं तर केवढं काम दिलंय म्हणून.

चिंगी : तुझं नाव वगळा असंही म्हटलं होतं मी. तर म्हणाले, एकाला वगळलं तरी चाचणी खोटी ठरते.

मावशी : जिन्याचं तुला कोणी सांगितलं?

चिंगी : तूच.

मावशी : इथेच ना? ओट्याला टेकून गुडघे चोळत सांगितलं होतं. की ऑफिस वर नेलं, लिफ्ट नाही, आम्ही सहा-सातजणींनी अर्ज केलेत, रोज कुणीतरी विचारतं, आलं का उत्तर, आलं का उत्तर. तू भांडी पुसत होतीस.

चिंगी : सरांनी विचारलं, तिथली माणसं कशाची वाट बघतायत? मी सांगून टाकलं.

मावशी : मी तुला फोन केला होता.

चिंगी : माहितेय.

मावशी : शंका आली होती मला, तशी अगदीच मठ्ठ नाही मी. जागा द्यायला पासवर्ड कशाला लागतो? तूच शिकवलंयस ना, शंका आली की कशावर बोट ठेवू नकोस, आधी मला विचार. म्हणून विचारायला केला. नुसता वाजत राहिला.

चिंगी : सर शेजारी बसले होते. म्हणाले, उचलू नकोस, चाचणी चालू आहे.

मावशी : आणि तू उचलला नाहीस.

चिंगी : मला वाटलं, मी उचलला नाही तर तू पुढे जाणार नाहीस. सोडून देशील.

मावशी : आणि मला वाटलं, पोर कामात असेल. मी थांबले गं. बराच वेळ थांबले. मग शेजारच्या टेबलावरची ती बिलं बघणारी म्हणाली, मोजक्याच जागा आहेत, हातच्या जातील. तिनं दाबलं, मग मी दाबलं. आता तीही घरी बसलीय.

चिंगी : त्यांनी नावं द्यायला नको होती. त्यांनी मला शब्द दिला होता.

मावशी : मग विचार की त्यांना. आत्ता, माझ्यासमोर. ऐकू येईल असं लाव.

(चिंगी फोन स्पीकरवर ठेवते.)

सर : बोल गं. आज उशीर?

चिंगी : सर, त्या मालवाहतूक कंपनीला आपण नावं दिली?

सर : कुठल्या? अच्छा, ते. दिली ना. करारातच होतं.

चिंगी : तुम्ही मला टक्केवारी म्हणाला होतात.

सर : हे बघ, तसं म्हटलं नसतं तर तू हात आखडता घेतला असतास. आणि काय सुंदर मेल लिहिलीस तू! इतकी वर्षं या धंद्यात आहे मी, पहिल्याच फटक्यात एवढी माणसं गळाला लागलेली बघितली नाहीत.

चिंगी : त्या माणसांना काढून टाकलंय.

सर : तो त्यांचा अंतर्गत प्रश्न. त्यांना वयस्कर लोक कमी करायचेच होते, कारण सापडत नव्हतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

चिंगी : तुम्हाला आधीपासून माहीत होतं?

सर : क्लायंट काय सगळं लिहून देतो का? कळतं आपल्याला.

चिंगी : सर, मी नवीन होते. एवढं मोठं काम मलाच का दिलंत?

सर : आता विचारतेसच तर… मुलाखतीत तू एक किस्सा सांगितला होतास. शाळा सुटली की मावशीच्या ऑफिसात बसायचीस आणि एकदा तिचा पासवर्ड ओळखलास. मी विचारलं, कुठलं ऑफिस? तू नाव घेतलंस. त्यांच्याशी आमची बोलणी तेव्हा चालूच होती. आतली खबर असणारं माणूस आयतं चालून येतंय म्हटल्यावर कोण सोडेल?

चिंगी : म्हणजे मला घेतलं ते…

सर : अगं, हुशार आहेसच तू. ही आतली ओळख त्याच्या वर. चल, ऑफिसला आलीस की बोलू. पुढचं काम एका शाळेचं आहे.

चिंगी : मी येणार नाही, सर.

सर : आज?

चिंगी : यापुढे.

सर : वेडेपणा करू नकोस. आणि बाहेर कुठे तोंड उघडलंस तर या क्षेत्रात तुला कुणी दारात उभं करणार नाही, एवढं लक्षात…

मावशी : ठेव तो फोन.

चिंगी : ठेवला.

मावशी : पासवर्डची गोष्ट तू तिकडे सांगितलीस?

चिंगी : त्यांनी विचारलं, या कामाकडे कशी वळलीस. दुसरं काय सांगणार होते मी? माझी सुरुवात तिथेच झाली. आई गेल्यावर रोज तुझ्या टेबलापाशी बसायचे. तू जेवायला गेलीस आणि मी आपलं स्वतःचंच नाव टाकून बघितलं, तर तुझा कॉम्प्युटर उघडला. किती दिवस त्या आनंदात होते मी.

मावशी : मी बदलला नाही नंतर. सगळे सांगायचे बदला. मी म्हटलं, माझीच पोर आहे, बघितलं तर बघितलं.

चिंगी : त्यांनी मला वापरलं, मावशी.

मावशी : वापरलं. ऐकलं ना मी. त्या माणसाला लाजच नाही. पण तो मला कोण लागतो? फोन त्याला केला नव्हता मी.

चिंगी : मी तुझ्या मॅनेजरकडे जाते. आत्ता. जिन्याची मेल लिहायला मला का सांगितलं, ते सगळं सांगते. लेखी मागितलं तर लेखी देते.

मावशी : मॅनेजरकडे जाऊन काय होणार? त्यानंच तर मागवलं. तळमजल्यावर युनियनचे लोक बसतात, त्यांच्याकडे जा. आणि माझ्यासाठी जाऊ नकोस. ती बिलं बघणारी, दोन मुलींना एकटी वाढवतेय. तिच्यासाठी जा. आधी तिच्या घरी जा, तिला खरं काय ते सांग, मग तिला घेऊन तिकडे जा.

चिंगी : ती मला उभं करेल?

मावशी : नाही केलं तर दारातून सांग.

चिंगी : तू पण चल ना.

मावशी : मी नाही येत.

चिंगी : त्यांनी परत घेतलं तर?

मावशी : तेव्हाचं तेव्हा बघू. तू खाऊन जा काहीतरी. तोंड बघ कसं झालंय.

चिंगी : नको. येताना येऊ इकडेच?

मावशी : ये की. कधी नाही म्हटलंय? आणि अगं, ती समोरची काल आली होती, सांगत होती की तिच्या सुनेनं…

चिंगी : काय केलं सुनेनं?

मावशी : काही नाही.

चिंगी : सांग ना.

मावशी : काही नाही गं, असंच. निघ तू, उशीर होईल.