शोभेचं अळू

अश्विनी : आई, हॉलमधल्या कुंडीतली पानं कुठं गेली?

बनुबाई : पीठ लावून, उंडे वळून वाफेला ठेवलेत. अळूवड्या करतीया तुझ्यासाठी.

अश्विनी : त्या पानांच्या?

बनुबाई : त्याच की. सुपाएवढी झाली हुती. मधला कोंब तेवढा राखलाय.

अश्विनी : आई, ते अळू नाही.

बनुबाई : मला अळू वळखंना व्हय? मिरजगावला आमच्या मोरीच्या पान्यावर दरसाल येतं.

अश्विनी : दिसतं तसंच. पण ते शोभेचं झाड आहे, विषारी असतं. थांबा, गॅस बंद करते. तुम्ही खाल्लं नाही ना काही?

बनुबाई : खाल्लं न्हाई. उंडे वाफेला ठिवल्यावर उरल्या देठाचा तुकडा चावून बघितला, खाजरं हाय का म्हणून.

अश्विनी : गिळलात?

बनुबाई : थुकला. पर मघापासून जीभ चुरचुरतीया. ओठाला बी मुंग्या आल्यात.

अश्विनी : उजेडाकडं या. आ करा... आई, जीभ सुजलीय तुमची.

बनुबाई : लई सुजलीया?

अश्विनी : आधी चूळ भरा. अजून एकदा. आता हे थंड दूध तोंडात धरा. श्वास नीट येतोय ना?

बनुबाई : येतोय. पर गळा आवळल्यावानी वाटतंय.

अश्विनी : बोलू नका. चप्पल घाला. खाली रिक्षा मिळेल.

(राहुरीतला एक दवाखाना. दुपार. बनुबाई खाटेवर, हाताला सलाईन.)

अश्विनी : सूज उतरतेय म्हणाले डॉक्टर. संध्याकाळपर्यंत मात्र इथंच राहायचं.

बनुबाई : रविराजला कळवलंस?

अश्विनी : ह्यांचा फोन लागत नाही. शिर्डीला हॉटेलात गर्दी असेल आज.

बनुबाई : घरात इख कशाला पाळायचं गं?

अश्विनी : पानं छान दिसतात म्हणून आणलं. तोंडात जाऊ देऊ नका, असं नर्सरीवाल्यानं बजावलं होतं. पण घरात कुणी ते खाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बनुबाई : तू रोज ओल्या फडक्यानं पानं पुसायची. ऊन लागू नये म्हणून पडद्याआड ठेवायची. मातीत बोट घालून बघायची, कोरडं लागलं तरच पानी. मला वाटलं, खायचं हाय म्हणून जपती. नुसत्या शोभेला कोन एवढं करतं?

अश्विनी : घरी गेले की देऊन टाकते कुणाला तरी.

बनुबाई : नको, एवढं वाढवलंस. उंचावर ठिव म्हंजी झालं.

अश्विनी : पण आजच वड्यांचं कसं मनात आलं तुमच्या?

बनुबाई : तुला आंबटतिखट खावंसं वाटत असंल म्हणून.

अश्विनी : मला?

बनुबाई : चहा उकळला की तू गॅलरीत जाती. फोडणीचा वास सोसत न्हाई. आल्यापासनं बघतीया मी.

अश्विनी : आई... मी अजून ह्यांनाही सांगितलेलं नाही.

बनुबाई : ठावं हाय.

अश्विनी : मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, पेढे वाटले. आणि मग एकेकाला फोन करून ते राहिलं नाही म्हणून सांगत बसले. या वेळी वाटलं, थोडं थांबावं.

बनुबाई : मी बी त्यापायीच गप हुते.

अश्विनी : त्या वड्या मी खाल्ल्या असत्या, आई. कितीतरी दिवसांनी भूक लागली होती आज. ताटात आल्या असत्या तर विचारलंही नसतं कशाच्या म्हणून.

बनुबाई : तशा कशा ताटात आल्या असत्या? एरवी मी देठ चावून बघत न्हाई. अळू म्हणलं की चिंच लावायची आन् मोकळं. आज तुझ्या पोटात जायचं हुतं, म्हणून बघितलं.

(अश्विनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी करते.)

बनुबाई : डोळं पूस. नर्सबाई बघतीया.

अश्विनी : ह्यांचा फोन येतोय. काय सांगू?

बनुबाई : माझ्या जिभेचं सांग. बाकीचं तुला वाटंल तवा.